फोन घेताना स्टोरेज किती घ्यावं? १२८, २५६ का ५१२? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीचे सेल लागले की नात्यातले, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे फोनबद्दल विचारायला लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी एकाच प्रश्नावर अडकलेली असते, "१२८ वाला घेऊ का २५६ वाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. बॅटरी खराब झाली तर बदलून मिळते, स्क्रीन फुटली तर नवीन बसते, पण स्टोरेज ज्या दिवशी घेतलं तेवढंच शेवटपर्यंत, म्हणून तिथे नीट विचार करून पैसे टाकायला हवेत. लोक जे जे विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवलंय.

एका वाक्यात सांगा ना, किती घेऊ?

व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब, थोडे फोटो एवढाच वापर असेल तर १२८ जीबी, घरात लहान मूल आहे किंवा व्हिडिओ बरेच काढता किंवा फोन चार-पाच वर्षं वापरायचाय तर २५६. ६४ वाला नवीन फोन आता मी कुणालाच घ्या म्हणत नाही, स्वस्त मिळतोय म्हणून घेतला जातो आणि दुसऱ्या वर्षीच "स्टोरेज फुल" चालू होतं. पण हे सगळं ढोबळ झालं, तुमचा खरा आकडा तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहे, तो काढायची पद्धत खाली सांगतो.

माझा आकडा काढायचा कसा?

आत्ता जो फोन वापरताय त्याची सेटिंग उघडा आणि स्टोरेजमध्ये जा. एकूण किती वापरलंय ते बघा आणि त्यातलं सिस्टीमचं किती आहे तेही बघा, साधारण १५ ते २५ जीबी असतं. सिस्टीमचं वजा केलं की उरतं ते तुमचं स्वतःचं सामान, त्याला फोन जितकी वर्षं वापरलाय त्याने भागा, म्हणजे वर्षाला किती भरतंय ते कळलं.

एक हिशोब करूनच दाखवतो. समजा तीन वर्षांत ७८ जीबी भरलेत, त्यात २० सिस्टीमचे, म्हणजे तुमचे ५८, वर्षाला साधारण १९. नवीन फोन चार वर्षं वापरायचाय. मग नवीन फोनचं सिस्टीम २०, जुन्यातून आणलेलं ५८, आणि पुढच्या चार वर्षांचे ७६, झाले १५४ जीबी. आता या माणसाला १२८ पुरणारच नाही, सेलमध्ये कितीही स्वस्त मिळाला तरी. त्याने २५६ च घ्यायला पाहिजे. याउलट ज्याचे वर्षाला पाच-सहा जीबीच भरतायत त्याने २५६ साठी जास्तीचे पैसे घालू नयेत, त्या पैशात चांगलं कव्हर, काच आणि चार्जर येतो.

यात एक गोष्ट मात्र धरून चाला, नवीन फोनचा कॅमेरा जुन्यापेक्षा मोठा असतो, फाइल मोठ्या होतात, म्हणून वर्षाचा आकडा थोडा वाढवूनच धरा. आणि मधल्या काळात तुम्ही जागा नाही म्हणून सारखं डिलीट करत आला असाल तर तुमचा खरा वापर दिसतोय त्याच्यापेक्षा जास्त आहे, हे लोक हमखास विसरतात.

बॉक्सवर १२८ लिहिलंय आणि मला शंभर-एकशे पाचच मिळतात, मला फसवलं का?

नाही. अँड्रॉइड किंवा आयओएस स्वतः, कंपनीने आधीच टाकलेली ॲप्स, अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा, हे सगळं त्या १२८ मधूनच जातं. शिवाय मोजायची पद्धतही वेगळी आहे, कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे तेच १२८ जीबी विंडोजच्या हिशोबात ११९ होतात. पहिल्या दिवशी फोन चालू करून स्टोरेज बघा, ज्या फोनमध्ये नको ती ॲप्स आणि गेम्स भरून येतात तिथली बरीचशी काढून टाकता येतात.

मी फार ॲप ठेवतच नाही, तरी भरतो कसा?

कारण बहुतेक लोकांच्या फोनमध्ये ॲप हा मोठा भाग नसतोच. बँकेचं ॲप, रेल्वेचं ॲप, पेमेंटची दोन-तीन ॲप्स, सगळी मिळून एक-दोन जीबीच्या आसपास. जागा जाते ती व्हिडिओत, व्हॉट्सॲपमध्ये आणि डाउनलोड करून विसरलेल्या गोष्टींमध्ये. लोकलच्या प्रवासात बघायला उतरवलेली सिरीज, बघून झाली तरी तशीच पडलेली असते, आणि एक सिनेमा क्वालिटीप्रमाणे अर्धा ते दीड जीबी सहज खातो. टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामचा कॅश, म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवून ठेवलेल्या फाइल, पण वाढत जातो, टेलिग्राममध्ये तो ठराविक दिवसांनी आपोआप पुसायची सेटिंग आहे, ती लावून टाका.

व्हॉट्सॲप एवढी जागा का घेतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आपल्याकडे तर फारच, कारण प्रत्येकाचे कुटुंबाचे, शाळेचे, सोसायटीचे, गावाचे ग्रुप असतात आणि सकाळी उठल्यापासून त्यात फोटो-व्हिडिओ पडत असतात.

माझ्या आत्याचा फोन उघडला होता तेव्हाचं सांगतो. ६४ जीबीचा फोन, ती स्वतः क्वचित फोटो काढते, गेम नाहीत, काही नाही, तरी कॅमेरा उघडला की "जागा नाही". व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज असं गेलो तर तिथे वरच दोन खाती दिसतात, एक "५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल" आणि दुसरं "अनेकदा फॉरवर्ड केलेलं". दुसऱ्यात एकच आरतीचा व्हिडिओ वेगवेगळ्या ग्रुपमधून आलेला, गुड मॉर्निंगची फुलं, काढ्याच्या रेसिपी, आणि त्याच्याखाली ग्रुपप्रमाणे यादी, कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्लीये ती. सगळ्यात वर भजनी मंडळाचा ग्रुप. तिला विचारून विचारून काढत गेलो, नातवाचे व्हिडिओ ठेवले, बाकीचं काढलं, आणि पंधरा जीबीच्या वर जागा मोकळी झाली. नवीन फोनची गरजच नव्हती तिला.

अजून एक जागा लोकांना माहीत नसते. अँड्रॉइडमध्ये तुम्ही गॅलरीतून जे पाठवता त्याची एक कॉपी व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये "सेंट" नावाच्या फोल्डरमध्ये पण राहते, म्हणजे मुलाच्या गॅदरिंगचा व्हिडिओ गॅलरीत एक आणि इथे एक. फाइल मॅनेजरमधून तो फोल्डर बघा, ओरिजनल गॅलरीत आहे याची खात्री करा आणि मग सेंटमधलं काढा.

आणि पुन्हा भरू नये म्हणून मीडिया ऑटो डाउनलोड मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीवर बंद करा, निदान व्हिडिओसाठी तरी. गॅलरीत दिसू नये म्हणून "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद करणारे बरेच जण आहेत, पण त्याने फक्त गॅलरीत दिसणं थांबतं, फाइल फोनमध्ये येऊन पडायची ती पडतेच.

व्हिडिओला नक्की किती जागा लागते?

आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ॲपलने स्वतःच आकडे दिलेत, तेच धरून बोलू. फाइल लहान ठेवणाऱ्या नवीन एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये १०८०पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ६० एमबी, ४के (त्याच्या चौपट पिक्सेलचा) ३० फ्रेम साधारण १७० एमबी, आणि ४के ६० फ्रेम साधारण ४०० एमबी. म्हणजे तासाला अनुक्रमे साडेतीन, दहा आणि चोवीस जीबी. जुन्या एच २६४ फॉरमॅटवर सेटिंग असेल तर फाइल जवळपास दुप्पट होते, अँड्रॉइडमध्येही हाच प्रकार आहे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "हाय एफिशियन्सी" असं काहीतरी दिसेल, ते चालू करून बघा.

आता हे लग्नाच्या दिवशी काय होतं बघा. हळद, मंगलाष्टका, सप्तपदी, वरात, सगळं मिळून दोन तास शूटिंग सहज होतं. ४के ६० वर ते ४८ जीबी. १२८ च्या फोनमध्ये एवढी जागा त्या दिवशी रिकामी असेल असं फार कमी जणांच्या बाबतीत होतं, आणि नेमकं अंतरपाट दूर होताना रेकॉर्डिंग थांबतं. तोच व्हिडिओ १०८०पी ३० वर सात-सव्वासात जीबीत बसतो आणि फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर बघणाऱ्याला फरक फारसा कळत नाही. मोठ्या टीव्हीवर बघायचं असेल, नंतर एडिट करायचं असेल तर ४के ३० पुरेसं आहे. ४के ६० ची सवय असेल तर २५६ च्या खाली जाऊच नका, रील्स किंवा यूट्यूबचं काम करत असाल तर ५१२.

फोटोंची एवढी काळजी नको, साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन-चार एमबीच्या आसपास असतो, हजार फोटो म्हणजे तीन-चार जीबी. फक्त ५० किंवा २०० मेगापिक्सेलचा मोड कायम चालू ठेवू नका, तो लांबच्या डोंगराच्या किंवा गडाच्या फोटोसाठी ठीक आहे, कागदपत्रांचे फोटो काढायला नको.

८+१२८ मधला ८ म्हणजे काय? तो पण स्टोरेजच का?

८ जीबी ही रॅम. फोन एका वेळी किती कामं हाताळतो ते रॅमवर, आणि तुमचं सामान किती मावतं ते स्टोरेजवर. दोन्हीची बेरीज करून "१३६ जीबीचा फोन" होत नाही. काही दुकानात "८+८ म्हणजे १६ जीबी रॅम" असं सांगतात, ते जास्तीचे ८ खऱ्या रॅमचे नसतात, स्टोरेजमधलीच जागा रॅमसारखी वापरली जाते, खऱ्या रॅमपेक्षा ती पुष्कळ हळू असते आणि तुमचे तेवढे जीबी तिकडे अडकतात. १२८ च्या फोनमध्ये जागा कमी पडत असेल तर ही सेटिंग बंद किंवा कमी करून टाका.

मेमरी कार्ड टाकलं की झालं ना?

फोनला स्लॉट असेल तर काही प्रमाणात हो. पण आधी स्लॉट आहे का ते बघा, आयफोनला कधीच नव्हता, गूगलच्या पिक्सेलला नाही, सॅमसंगच्या एस सिरीजमध्ये २०२१ च्या एस २१ पासून काढून टाकला. स्वस्त फोनमध्ये स्लॉट मिळतो पण बऱ्याच ठिकाणी तो हायब्रिड असतो, म्हणजे दुसरं सिम टाका नाहीतर कार्ड टाका, आणि आपल्याकडे अर्ध्या लोकांना दोन सिम लागतातच.

कार्डावर फोटो, व्हिडिओ, गाणी ठेवायला हरकत नाही. ॲप्स मात्र फोनमध्येच राहतात असं धरून चाला, व्हॉट्सॲपचा डेटा कार्डावर ठेवता येत नाही. घ्यायचंच असेल तर ज्यावर यू३ किंवा व्ही३० (या वेगाच्या खुणा) लिहिलंय असं घ्या, नाहीतर ४के व्हिडिओ काढताना अडकतं. आणि रस्त्यावर किंवा अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडे १ टीबीचं कार्ड चारशे-पाचशे रुपयात दिसलं तर हात लावू नका. आत ३२ जीबीची चिप असते आणि फोनला १ टीबी असं दाखवायला लावलेलं असतं, ३२ भरेपर्यंत सगळं छान चालतं, त्याच्यापुढच्या फाइल सेव्ह झाल्यासारख्या दिसतात पण उघडत नाहीत, आणि हे कळतं तोवर फोटो गेलेले असतात. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नवीन कार्ड आणलं की वापरायला काढायच्या आधी त्यातून तपासून घ्या.

क्लाउड आहे की, मग कशाला मोठं स्टोरेज?

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवायची जागा, चांगलं आहे, मी वापरा असंच सांगतो, पण ते भाड्याचं घर आहे, भाडं थांबलं की अडचण. गूगल १५ जीबी फुकट देतं पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. गूगल फोटोजवर फुकटात कितीही फोटो ठेवता यायचे ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप पूर्वी त्या १५ मध्ये मोजायचे नाहीत, २०२४ पासून तो पण मोजायला लागले. त्यामुळे १५ जीबी आता बऱ्याच जणांना पुरत नाहीत, आणि ते भरले की जीमेलवर मेल यायचे पण थांबतात, नोकरी शोधणाऱ्या पोरांनी हे खास लक्षात ठेवा. आयक्लाउडचे फुकट फक्त ५ जीबी.

गूगलचा १०० जीबीचा प्लॅन बरीच वर्षं महिन्याला १३० रुपयांच्या आसपास राहिलाय, चार वर्षांचे सहा हजाराच्या वर होतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये १२८ आणि २५६ मधला फरक त्याच्यापेक्षा कमी असतो. म्हणून फक्त जागेसाठी क्लाउड घेत असाल तर आधी मोठा फोन घेणं स्वस्त पडतं. शिवाय नेटवर्कचं बघा, पुण्या-मुंबईत ठीक आहे, पण सुट्टीत कोकणात किंवा घाटमाथ्यावरच्या गावी गेलं की घरासमोरच्या एका कोपऱ्यात उभं राहिल्यावर रेंज येते, तिथे क्लाउडवरचा जुना फोटो आजीला दाखवायचा म्हटलं तर तो नुसता गोल फिरत बसतो.

मग ५१२ घेतला तर बॅकअपची गरज नाही ना?

आहे, आणि तेवढीच आहे. फोनची मेमरी चिप बोर्डाला सोल्डर केलेली असते आणि आतला डेटा एन्क्रिप्ट असतो, म्हणजे त्या फोनशिवाय वाचता न येणारा, फोन पाण्यात पडून बोर्ड गेला की चिप काढून दुसरीकडे लावून वाचणं जवळजवळ अशक्य. चोरीला गेला तर प्रश्नच मिटला. जितकं मोठं स्टोरेज तितकं जास्त एकदम जाणार. जे परत मिळणारच नाही, मुलांचे लहानपणचे फोटो, गेलेल्या माणसांचे आवाज, ते दोन ठिकाणी ठेवा, एक क्लाउडवर आणि एक घरच्या हार्ड डिस्कवर. टाइप सीचा पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो, आयफोन १५ पासून आयफोनलाही लागतो, तेवढंही बरंच काम करतं.

आयफोनमध्ये किती घेऊ?

इथे जास्त जपून ठरवा कारण कार्ड नाही आणि पुढच्या स्टोरेजला पैसे भरपूर. आयफोन १५ आला तेव्हा भारतात १२८ चा ७९,९०० ला होता, २५६ चा ८९,९०० आणि ५१२ चा १,०९,९००. ॲपलने स्वतःच २०२५ च्या आयफोन १७ ची सुरुवात २५६ पासून केली, त्यावरून काय ते समजा. जुनं मॉडेल १२८ मध्ये सेलला मिळत असेल तर वरचा हिशोब करूनच घ्या. आयफोन माणूस पाच-सहा वर्षं सहज वापरतो, नंतर घरातल्या दुसऱ्याला देतो, तेवढा काळ त्याला जागा पुरली पाहिजे.

जास्त स्टोरेजचा फोन फास्ट चालतो का?

नुसत्या जीबीमुळे नाही, चिप कुठल्या प्रकारची आहे त्यावर आहे. अगदी स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी नावाची हळू चिप असते, त्याच्यापेक्षा वेगवान यूएफएस २.२, मग ३.१, मग ४.०. कधीकधी एकाच मॉडेलमध्ये पण फरक असतो, गॅलेक्सी एस २३ च्या १२८ मध्ये यूएफएस ३.१ होती आणि २५६ मध्ये ४.०. दोन फोनमध्ये अडकला असाल, जीबी सारखे आहेत आणि एकात ईएमएमसी आहे, तर दुसरा घ्या. ॲप उघडायला, अपडेट व्हायला, गॅलरी लोड व्हायला रोजचा फरक पडतो.

किती जागा रिकामी ठेवायची?

दहा ते पंधरा टक्के. फोनच्या स्टोरेजची चिप फ्लॅश मेमरीची असते, तिच्यात जुन्या जागेवर सरळ लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो, रिकामी जागा असली की हे काम मागच्या मागे होतं, नसली की तुम्ही बटण दाबल्यावर होतं आणि फोन अडकतो. शिवाय अपडेटला काही जीबी लागतात, जागा नसली तर सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय चालतं.

मुलगा गेम खेळतो.

मग २५६. मोठे गेम नकाशे आणि अपडेट धरून काही जीबी घेतात, गेन्शिन इम्पॅक्टसारखा एकटाच वीस जीबीच्या वर जातो.

आई-बाबांसाठी फोन घ्यायचाय.

१२८ पुरेल, पण फोन हातात द्यायच्या आधी ऑटो डाउनलोड बंद करून, फोटोचा बॅकअप चालू करून आणि कॅमेरा १०८०पी वर ठेवून द्या. ते फोन जपून वापरतात, मुलाने घेऊन दिलेला म्हणून पाच-सहा वर्षं बदलत नाहीत, आणि भरला तर कुणाला त्रास नको म्हणून सांगत पण नाहीत, नुसते फोटो काढायचे बंद करतात. म्हणून घरी गेलात की एकदा त्यांच्या फोनचं स्टोरेज उघडून बघत जा.

दुकानदार म्हणतो चिप बदलून १२८ चा २५६ करून देतो.

होतं, पण बोर्ड गरम करून चिप काढावी लागते, वॉरंटी जाते, पाण्यापासूनचं सील जातं, आणि काम चुकलं तर अख्खा फोन गेला. रोजच्या फोनवर हा प्रयोग करू नका.

फोन आत्ताच भरलाय, नवीन घ्यायला पैसे नाहीत, काय करू?

आधी ट्रॅश रिकामा करा. गूगल फोटोजमध्ये डिलीट केलेलं, बॅकअप झालेलं असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतं, आयफोनच्या रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस, त्यामुळे डिलीट करूनही जागा झाली नाही अशी तक्रार असते ती याचीच. मग वर सांगितलेलं व्हॉट्सॲपचं करा. मग गॅलरीत व्हिडिओ साइझप्रमाणे लावा आणि मोठ्यापासून बघत या, खिशात चुकून चालू राहिलेलं रेकॉर्डिंग, स्क्रीन रेकॉर्डिंग असलं काहीतरी निघतंच. अँड्रॉइडवर फाइल्स बाय गूगल हे ॲप डुप्लिकेट आणि मोठ्या फाइल शोधून देतं, तेवढं पुरतं. "एका क्लिकमध्ये फोन क्लीन" वाली बाकीची ॲप्स टाकू नका, जाहिराती दाखवतात आणि स्वतःच जागा घेतात.

एक धोक्याची गोष्ट. ॲपच्या सेटिंगमध्ये "क्लिअर कॅश" आणि "क्लिअर डेटा" शेजारी शेजारी असतात. कॅश पुसलात तर काही बिघडत नाही. डेटा पुसलात तर अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप नव्याने चालू होतं, आणि बॅकअप घेतलेला नसेल तर सगळी चॅट गेली. व्हॉट्सॲपवर तिथे हातच लावू नका, जे काढायचं ते ॲपच्या आतून काढा.

२५६ साठी किती जास्त दिले तर ठीक?

मिड रेंज अँड्रॉइडमध्ये फरक दोन-तीन हजाराचा असेल तर मी डोळे झाकून २५६ घ्या म्हणतो, बऱ्याचदा त्यात रॅमही जास्त मिळते. फरक पाच हजाराच्या वर गेला की आधी तुमचा आकडा काढा, १२८ मध्ये आरामात बसत असाल तर पैसे वाचवा. सेलमध्ये दोन्हीचे भाव रोज बदलतात आणि बँकेची ऑफर कधी एकावरच असते, म्हणून दोन्ही कार्टमध्ये टाकून शेवटच्या स्क्रीनवरचा आकडा बघा, ईएमआयवर घेत असाल तर महिन्याचा हप्ता न बघता एकूण किती भरणार ते बघा. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव वाढलेत, त्यामुळे "थोडं थांबू, स्वस्त होईल" हे पूर्वीसारखं खरं होईलच असं नाही, गरज असेल तर चांगली ऑफर दिसली की घेऊन टाका.